अडचणीतल्या मुलामुलींचा गट वस्तीत कसा चालवायचा

मी ठाण्याच्या लोकमान्य नगरात राहते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शनिवारचा गट सुरू केला. कोणाच्या घरात दारू आहे, कोणाची शाळा सुटायच्या बेतात आहे, कोणी नाक्यावर उभं राहून सोल्युशन (पंक्चर चिकटवायचं) नशेसाठी हुंगायला लागलं आहे, कोणाला जगणंच नकोसं झालं आहे, अशी ही मुलं. कळव्यातून, कोपरीतून, कधी रबाळ्याहून बायका आणि तरुण कार्यकर्ते येतात आणि आमच्याकडे असं काही कसं काढायचं ते विचारतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

गटात कोणाला घ्यायचं

बहुतेकांच्या डोक्यात पहिली कल्पना हीच येते की वस्तीत नाव खराब झालेली दहा पोरं गोळा करायची, एकत्र बसवायची आणि समजवायचं. हे करू नका. मदतीपेक्षा नुकसान जास्त होतं, आणि हे माझं नुसतं मत नाही.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि समरव्हिल या शहरांत १९३९ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. पाचशेवर मुलगे निवडले, सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला मार्गदर्शक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं, दुसऱ्याला यातलं काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी ती माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्या दिवसांची आठवण चांगली होती. पण दारू, आजारपण, पुन्हा केलेले गुन्हे अशा बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढे तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा जास्त नुकसान दिसलं ते वारंवार शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं. १९९९ साली टॉमस डिशन यांनी मॅककॉर्ड आणि पुलँ यांच्यासोबत एक लेख लिहिला, त्यात यामागचं कारण मांडलं. एक मुलगा मोबाइल कसा उचलला ते सांगतो, बाकीचे हसतात. ते हसणं त्याला बक्षीस वाटतं. पुढच्या वेळी दुसरा त्याहून मोठी गोष्ट आणतो. मोठ्या माणसाचं भाषण त्या हसण्यापुढे टिकत नाही.

म्हणून गटात सरमिसळ ठेवा. दहा ते बारा मुलं पुरेत. आमच्याकडे साधारण तिसरा हिस्सा खरोखर अडकलेल्या मुलांचा असतो. तेवढीच मुलं घर कठीण असूनही शाळा धरून असतात. उरलेल्यांचं बरं चाललेलं असतं, त्यांना इथे यायला आवडतं म्हणून ती येतात. कोण कुठल्या यादीतलं हे फक्त आम्हा दोघा मोठ्यांना ठाऊक असतं. कोणी चोरीची फुशारकी मारायला लागला की आम्ही ओरडत नाही, हसतही नाही. "बरं, ती कात्री दे इकडे" म्हणून हातातल्या कामाकडे वळवतो आणि गट उठल्यावर त्याच्याशी बोलतो.

नावातही "व्यसनमुक्ती" किंवा "समुपदेशन" नको. आईला शेजारणीपुढे सांगता आलं पाहिजे की पोरगी शनिवारच्या गटाला गेली आहे.

पोस्टर लावून ही मुलं येत नाहीत. शाळेतल्या शिपाई मावशींना विचारा, डबा न आणणारं पोर त्यांना माहीत असतं. आशाताईंना विचारा, अंगणवाडी सेविकांना विचारा, कबड्डीच्या सरांना विचारा. मुख्याध्यापकांकडून यादी मागू नका. शाळेने पाठवलेलं पोर शिक्षा म्हणून येतं आणि दुसऱ्या शनिवारी गायब होतं.

दोन मोठी माणसं आणि एक ठरलेला वार

गट एकट्याने चालवू नका. दोघं हवीत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. माझ्यासोबत वस्तीतलाच एक तरुण आहे, कबड्डी खेळणारा, मुलं त्याला दादा म्हणतात. पोरगे जे मला सांगणार नाहीत ते त्याला सांगतात, आणि पोरींचं उलटं. दोघांचीही पोलीस पडताळणी करून घ्या, प्रमाणपत्र फाइलला लावा. कोणी विचारलं नसेल तरी लावा. बंद दाराआड एकट्या मुलाशी बोलायचं नाही. खाजगी बोलायचं असेल तर खोलीच्या बाहेर, ओट्यावर, दुसऱ्याला दिसू पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. रात्री मुलांशी व्हॉट्सअॅपवर गप्पा नाहीत. निरोपांसाठी एक ग्रुप, त्यात दोन्ही मोठी माणसं. कोणाचा रात्री जीव घाबरल्याचा मेसेज आलाच तर लगेच फोन करायचा आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला कळवायचं.

माझ्या लेखी या सगळ्यात महत्त्वाचा आहे तो वार. शनिवार म्हणजे शनिवार, साडेपाच म्हणजे साडेपाच. या मुलांना आयुष्यात "येतो" म्हणून न आलेली माणसं खूप भेटलेली असतात. जुलैत वागळे इस्टेटचे रस्ते पाण्याखाली गेले तरी आम्ही दोघं खोली उघडून बसतो. अशा संध्याकाळी दोन-तीनच मुलं भिजत येतात, आणि बहुतेक वेळा तीच येतात ज्यांना घरी थांबणं अवघड असतं. वर्षभर दर आठवड्याला यायची तयारी नसेल तर नवा गट काढू नका. आधीच चालणाऱ्या एखाद्या गटाला हातभार लावा, तेही मोठं काम आहे.

जागा समाजमंदिरात मिळते, शाळेच्या वर्गात मिळते. पालिकेची जागा असेल तर प्रभाग समितीकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. देवळाच्या सभामंडपात किंवा पक्षाच्या शाखेत बसू नका, कारण काही घरं तिथे मुलं पाठवणार नाहीत, आणि ती घरं कोणती हे तुम्हाला कधी कळणारही नाही. संडास चालू असलेला हवा. मुलींना परतताना टवाळ पोरांच्या कट्ट्यावरून जावं लागणार नाही असा रस्ता हवा. आम्ही सातला उठतो, मुली घोळक्याने निघतात.

पालकांची संमती एका पानावर, साध्या मराठीत. वाचता न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यात गुपिताचा नियमही लिहा, तो पुढे सांगते.

तासभर करायचं काय

गोल करून बसवलं आणि "चला, मन मोकळं करा" म्हटलं की पोरं जमिनीकडे बघत बसतात. हाताला काम असलं की तोंड आपोआप सुटतं. मी नर्स, म्हणून आमच्याकडे काम असतं प्रथमोपचाराचं. तुम्हाला शिवण येत असेल तर शिवण घ्या, सायकल दुरुस्ती येत असेल तर ती घ्या.

घोट्याला बँडेज बांधायचं आम्ही असं शिकवतो. क्रेप बँडेजची गुंडाळी चवड्यापाशी दोन वेढ्यांनी अडकवायची, मग पावलावरून तिरकी वर घोट्याकडे, मागून वळसा, पुन्हा तिरकी खाली, आठचा आकडा काढत. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा दोन तृतीयांश भाग झाकेल असा. झालं की पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टी आवळली गेली आहे, सोडा आणि परत बांधा. जोडीजोडीने हे चालतं. एरवी एकमेकांना ढकलणारी पोरं समोरच्याला "जास्त घट्ट झालं का रे?" असं विचारतात. काही मुलांना कोणी असं विचारलेलंच नसतं. कबड्डीवाल्यांना तर हे शिकायचंच असतं, त्यामुळे त्यांना बोलवावं लागत नाही.

मग वीस-पंचवीस मिनिटं एक फेरी. आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, किंवा "पुढे" म्हणायचं. "पुढे" म्हणायला कारण लागत नाही. एक मुलगा पावसाळाभर "पुढे" म्हणत राहिला, पण येत राहिला. आम्ही त्याला एकदाही टोकलं नाही. गणपतीनंतर त्याने बापाचं सांगितलं. सल्ला द्यायचा नाही हा फेरीचा नियम आहे, आणि तो मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांना जड जातो. शेवटची काही मिनिटं मुली माझ्याजवळ आणि मुलगे दादाजवळ, कारण पाळी, छेडछाड, शरीराचे प्रश्न सगळ्यांसमोर निघत नाहीत.

नाटकही चांगलं चालतं. रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून २०१४ साली ठाण्यात वंचितांचा रंगमंच सुरू झाला. वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यावरच्या नाटिका स्वतः बसवतात आणि करतात. "माझा बाप मारतो" हे न म्हणता येणारं पोर बापाची भूमिका मात्र हुबेहूब करतं. नाटिका झाल्यावर "हे खरंय का?" म्हणून विचारू नका. त्या पात्राबद्दल विचारा, त्याची मुलगी आता काय करेल ते विचारा.

खायला उकडलेले चणे, केळी, शेंगदाणा चिक्की. चहा ठेवत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, आणि चहाबरोबर घेतलेलं लोह अंगाला नीट लागत नाही. लिंबू सरबत द्या. कित्येक पोरी "आळशी झाली आहे" म्हणून घरी बोलणी खातात आणि त्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक असतात.

गुपित किती ठेवायचं

पहिल्याच दिवशी सांगायचं आणि महिन्यातून एकदा परत सांगायचं. मी असं म्हणते: "इथे बोललेलं इथेच राहील. पण तुमच्या जिवाला धोका असेल, तुम्ही दुसऱ्याच्या जिवाला धोका करणार असाल, किंवा कोणी तुमच्या अंगाशी चुकीचं वागलं असेल, तर मी गप्प बसणार नाही. तेव्हाही कोणाला सांगायचं ते आधी तुम्हाला सांगेन."

तिसऱ्या गोष्टीत कायदा आपल्याला मोकळीक देत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा-सोळाच्या मुलामुलींचं प्रेमातून झालेलं असलं तरी कायदा वेगळं धरत नाही. हे मुलांना आधीच माहीत असायला हवं, म्हणजे काय सांगायचं ते ती समजून ठरवतात. फसवून काढून घेतलेली गोष्ट पुढे कळवली की ते पोर कोणावरच भरवसा ठेवत नाही. मुलीला धीर द्यायला हेही सांगा की जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो बाई अधिकारी घेते, गणवेश न घालता, आणि तिचं नाव छापायला बंदी आहे. पोलीस चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवतात. काय करावं सुचत नसेल तर १०९८ लावा, मुलांसाठीची ही हेल्पलाइन दिवसरात्र चालते.

जिवाचं बोलणं निघालं तर

मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्या घालणारी एक मुलगी आमच्याकडे यायची. मनगटाला पट्टी बांधायचा सराव निघाला की "सिस्टर, मी नको, मी बघते" म्हणायची. मी तिला कात्री सांभाळायला दिली. काही शनिवार गेल्यावर ती सगळे निघून गेल्यावर थांबली आणि तिने बाही वर केली. मी आधी जखमा धुतल्या. त्या धुताना का, कधी, कशासाठी हे विचारलं नाही, फक्त "झोंबतंय का?" विचारलं. पट्टी बांधून झाल्यावर सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने डोक्यात विचार येईल अशी भीती असते. तसं होत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं होतं. स्वतःला जखमा करणारं प्रत्येक पोर मरायला निघालेलं नसतं, पुष्कळदा आतला ताण सोसवत नाही म्हणून ते तसं करतं. पण विचारल्याशिवाय फरक कळत नाही. "येतं" म्हटलं तर पुढचं विचारा: कसं करायचं ठरवलं आहेस का, कधी, जवळ काही ठेवलं आहेस का. ठरवलेलं असेल तर त्या पोराला एकटं सोडू नका. विश्वासाचं मोठं माणूस येईपर्यंत सोबत बसा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. घरातली विषारी औषधं आणि मोठ्यांच्या गोळ्या कुलपात टाकायला सांगा. "असं बोलू नये", "आईचा विचार कर" ही वाक्यं त्या वेळी तोंडातून काढू नका.

टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आम्ही तो खोलीच्या दारावर लिहून ठेवला आहे. ठाण्यात १९०१ सालापासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याची ओपीडी सगळ्यांसाठी खुली असते. लोक नाव ऐकून बिचकतात, म्हणून पहिल्यांदा आपण सोबत जायचं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातलीच. आणि घरचे "पोलीस केस होईल" म्हणून दवाखाना टाळत असतील तर त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा होत नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम ठरतं.

नशा

सोल्युशनचा वास कपड्यांना येतो, नाकाखाली आणि ओठांभोवती पुरळ दिसतं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, रात्र रात्र जागणं, पैशांची चोरटी गरज, एकाएकी बदललेले मित्र ही बाकीची लक्षणं. एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) आपल्या भागात आलेलं आहे हे मान्य करूनच काम करा. नशेत आलेल्या पोराला हाकलू नका, पण गटातही बसवू नका. दादा त्याला बाहेर ओट्यावर घेऊन बसतो, पाणी देतो, शुद्धीवर असेल तर घरी सोडतो, गुंगी वाढत असेल तर सरळ इस्पितळ गाठतो. दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा यावा एवढं बघायचं. थरथर, घाम, उलट्या, भास दिसले तर "मनावर घे, सोड" म्हणू नका, सोडवणं डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

विकणाऱ्याशी स्वतः भांडायला जाऊ नका, नाव मुलांकडून काढून घेऊ नका, ती धोक्यात येतात. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे कलम लिहून, वस्तीतल्या पाच-सहा बायकांच्या सह्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद आहे, तोही मुद्दा त्याच अर्जात घाला.

घर आणि शाळा

घरी जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. पहिल्या भेटीत पोराची एक चांगली गोष्ट सांगायची आणि चहा घेऊन उठायचं. बापाशी दारूवरून वाद घालून पोराचं काही भलं होत नाही, त्या रात्री मार त्यालाच पडतो. दारुड्या घरातल्या मुलाला एवढं पक्कं सांगा की बाप पितो यात त्याचा दोष नाही, आणि बापाला सुधारणं हे त्याचं काम नाही. अशा मुलांसाठीच अमेरिकेत १९५७ साली अलाटीन हे एकमेकांना आधार देणारे गट निघाले, आणि तेही एका किशोरवयीन मुलाच्याच पुढाकाराने.

शाळा सुटलेल्यांना लगेच परत शाळेत ढकलायची घाई नको. नववी-दहावीला सुटलेला पोरगा त्या वर्गात बसायला लाजतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, रात्रशाळा आहेत, काही आयटीआय ट्रेड आठवीवरही मिळतात. फॉर्मची मुदत निघून जाते म्हणून जूनपासूनच चौकशी करा, आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार ही कागदपत्रं आधीच काढून ठेवा. नुसत्या दाखल्यापायी वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली तर निकालाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात आईला भेटा.

वर्षात दोन वेळा हजेरी पडते. गोविंदाच्या सरावात मुलगे येत नाहीत. आम्ही तेव्हा सरावाच्या मैदानावर बँडेज घेऊन जातो, तिथेच भेट होते. आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत जी येत नाहीत, त्यांच्या घरी मात्र त्याच संध्याकाळी जायचं.

खर्च फार नसतो. चणे, केळी, बँडेज, कधी बसभाडं. वस्तीतलीच दहा घरं महिन्याला थोडे थोडे देतात, हिशेब वहीत लिहून दारापाशी टांगतो. निवडणुकीच्या आधी कोणी ना कोणी टी-शर्ट आणि खुर्च्या द्यायला येतं, सोबत फोटोग्राफर असतो. खुर्च्या घ्यायला हरकत नाही. मुलांचे फोटो काढू देऊ नका, नावं सांगू नका, गटाच्या वेळी कोणाला आत सोडू नका. देणाऱ्याला एवढ्याने राग आला तर आपल्या सतरंज्या आहेतच.